किरणोत्सव ठरल्या तारखेला, मग दिवाळीच का पळते?

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव दर वर्षी नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, कासव चौक, पितळी उंबरठा करत गाभाऱ्यात पोचतात आणि देवीच्या चरणांपासून वर चढू लागतात. गर्दीत एखादा तरी परगावचा पाहुणा असतोच. आरती झाली, घंटा थांबल्या की तो विचारतो, "दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. मग ह्याचीच तारीख कशी काय ठरलेली?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याची भावंडंही पुष्कळ आहेत. इजिप्तच्या देवळात म्हणे वर्षातून दोनदाच ऊन शिरतं, ते का? ईस्टरचा रविवार दर वर्षी वेगळा, पण नाताळ मात्र २५ डिसेंबरलाच, असं का? रमजान कधी कडक उन्हात, कधी थंडीत कसा येतो? संक्रांत १४ जानेवारीची १५ ला कशी गेली? उत्तरं शोधायला लागलं तर पहिल्यांदा एवढंच विचारायचं, की हा दिवस सूर्याच्या मागे चालतो की चंद्राच्या? की दोघांच्या? अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

सूर्याचा झोपाळा

सूर्य पश्चिमेला मावळतो हे शाळेत शिकलेलं वाक्य वर्षातले दोनच दिवस अक्षरशः खरं असतं, २० किंवा २१ मार्च आणि २२ किंवा २३ सप्टेंबर. एरवी मावळतीची जागा रोज सरकते. कोल्हापुरात रंकाळा तलावावर संध्याकाळी एकाच कठड्यावर बसणाऱ्यांना हे न सांगता ठाऊक असतं. जूनमध्ये सूर्य उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे कलून बुडतो, डिसेंबरात पार डावीकडे, दक्षिणेच्या अंगाला.

हे जाणं-येणं झोपाळ्यासारखं आहे. एका टोकाला २१ जून, दुसऱ्या टोकाला २१-२२ डिसेंबर. झोपाळा मधल्या प्रत्येक ठिकाणावरून दोनदा जातो, एकदा जाताना, एकदा येताना. टोकाला मात्र एकदाच पोचतो. शिवाय टोकाशी तो रेंगाळतो आणि मध्ये सुसाट असतो. या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की बरीच जागतिक आश्चर्यं घरबसल्या उलगडतात.

आता किरणोत्सवाच्या तारखा घ्या. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत दिवस मोजा: ४२. तिथून १ फेब्रुवारीपर्यंत मोजा: ४१. म्हणजे दोन्ही किरणोत्सव डिसेंबरच्या टोकापासून सारख्याच अंतरावर बसलेत. जाताना ज्या जागी सूर्य मावळला, त्याच जागी तो परतताना मावळतो. त्या दिवसांत कोल्हापुरातून पाहिलं तर तो बरोबर पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर बुडतो. देवी पश्चिमाभिमुख आहे खरी, पण महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतची रेषा सूर्याशी जुळते ती या कललेल्या जागी.

मग तीनच दिवस का? कारण त्या सुमाराला मावळतीची जागा रोज सूर्यबिंबाच्या साधारण निम्म्या रुंदीनं सरकते. एवढ्या लांबून, एकामागून एक दारांमधून येणाऱ्या किरणांना तेवढा फरक पुरतो. दोन-चार दिवसांत सूर्य रेषेवर येतो आणि निघूनही जातो. हल्ली तीन दिवसांच्या मागेपुढेही किरणं आत आलेली दिसतात आणि पाच दिवसांचा किरणोत्सव म्हटलं जातं, त्यात नवल काही नाही. सूर्य उडी मारत नाही, सरकतो.

किरणं पायांपासून मुखाकडे चढतात तेही सरळ आहे. सूर्य जितका वर तितके किरण तिरपे, ते लवकर जमिनीला टेकतात. तो खाली जाऊ लागला की किरण आडवे होतात, फरशीवरून आत सरकतात आणि मग मूर्तीवर चढतात. पण अडचण अशी, की आडवे किरण म्हणजे हवेचा सगळ्यांत जाड थर भेदून आलेले किरण. क्षितिजाजवळ ढगाची एक पट्टी असली तरी खेळ आटोपला. परतीच्या पावसानंतरची दमट हवा, धूळ, ऊसतोडीनंतर पेटवलेल्या पाचटाचा धूर, सगळं आडवं येतं. त्यात किरणांच्या वाटेवर कुणी मजला चढवला, पाण्याची टाकी बसवली, फलक लावला की तक्रारी सुरू. काही वर्षी किरणं कमरेपर्यंत येऊन लुप्त होतात ती यामुळं. त्याला देवीचा कोप वगैरे म्हणायची गरज नाही, गच्चीवर चढून पश्चिमेला बघितलं तरी कारण दिसतं.

आणखी एक गंमत, जी फारसं कुणी बोलत नाही. नोव्हेंबरात किरणं पावणेसहाच्या सुमारास मूर्तीवर असतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यासाठी सव्वासहापर्यंत थांबावं लागतं. सूर्य त्याच जागी, देऊळ तेच, मग अर्धा तास कुठून आला? दोष घड्याळाचा. आपलं घड्याळ रोज २४ तासांचा सारखा दिवस मोजतं, सूर्य तसा शिस्तीचा नाही. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळं नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटं पुढं असतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला १३-१४ मिनिटं मागं. बेरीज करा, अर्धा तास भरतो.

आता पाहुण्याचा मूळ प्रश्न. तारीख का बदलत नाही? कारण आपण वापरतो ते इंग्रजी कॅलेंडरच सूर्यावर बांधलेलं आहे. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेनं ते दुरुस्त झालं. आधीच्या कॅलेंडरमध्ये वर्ष सुमारे ११ मिनिटांनी लांब धरलं होतं, शतकानुशतकं ती मिनिटं साचत गेली. म्हणून त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला आणि लीप वर्षाचा नियम कडक केला. तेव्हापासून सूर्याची जागा आणि कॅलेंडरची तारीख यांची जोडी फारशी सुटत नाही. देऊळ उभारणाऱ्यांकडे '९ नोव्हेंबर' ही तारीखच नव्हती, हे मात्र विसरू नये. त्यांच्या पंचांगात हा दिवस दर वर्षी वेगळ्या तिथीला यायचा. त्यांनी तारीख पाहून देऊळ बांधलं नाही, क्षितिज पाहून बांधलं. आणि इतक्या दारांमधून एवढी लांब रेषा राखणं बांधणाऱ्याच्या मनात नसताना होत नाही, असं माझं मत.

अबू सिंबेलच्या राजाचा वाढदिवस

इजिप्तच्या दक्षिण टोकाला, नाईल नदीच्या काठावर, रामसेस दुसरा या राजानं इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात डोंगर कोरून देऊळ केलं. ते पूर्वेकडं तोंड करून आहे, म्हणजे तिथं उगवतीचा किरणोत्सव. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास सकाळची किरणं सुमारे ६० मीटर आत जाऊन गाभाऱ्यातल्या मूर्तींवर पडतात. मूर्ती चार आहेत. रा-होराख्ती, स्वतः राजा आणि आमून-रा यांच्यावर उजेड येतो, चौथा प्ताह अंधारातच राहतो. प्ताहचा संबंध पाताळाशी जोडतात, म्हणून तो मुद्दाम अंधारात ठेवलाय असं सांगतात.

तिथले वाटाडे आणि समाजमाध्यमांवरचे संदेश आणखी एक गोष्ट हमखास सांगतात, की एक तारीख राजाच्या जन्माची आणि दुसरी राज्याभिषेकाची. ऐकायला छान, पण झोपाळा आठवा. २२ ऑक्टोबर आणि २२ फेब्रुवारी या दोन्ही तारखा डिसेंबरच्या टोकापासून साधारण दोन-दोन महिन्यांवर आहेत. देवळाची दिशा एकदा ठरली की दुसरी तारीख आपोआप येते, ती निवडता येत नाही. राजानं वाढदिवस साधला असता तर राज्याभिषेक बरोबर चार महिन्यांच्या अंतरानं आपोआप पडायला हवा होता. त्याला पुरावाही नाही. मला तर वाटतं दोन तारखा आहेत म्हटल्यावर दोन कारणं हवीत, या हट्टातून ही कथा जन्मली.

तिथली खरी नवलाची गोष्ट वेगळीच आहे. आस्वानच्या मोठ्या धरणाखाली हे देऊळ बुडणार होतं. युनेस्कोच्या पुढाकारानं १९६४ ते १९६८ या काळात सगळं देऊळ करवतीनं कापलं, दगडांना नंबर घातले आणि सुमारे ६५ मीटर वर, २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडलं. ती दिशा इतकी जपली, की किरणं अजून आत येतात. तारीख एका दिवसानं सरकली असं सांगतात, एवढंच. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांची देवळं उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर वर डोकावतात, ती पाहिलेल्या माणसाला या कामाची किंमत कळेल.

टोकावरची आणि मधली ठिकाणं

इंग्लंडमधलं स्टोनहेंज झोपाळ्याच्या टोकाशी नेम धरून उभं आहे. तिथले मोठे दगड साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी उभे केले. २१ जूनला सूर्य ज्या दिशेनं उगवतो, त्याच्या नेमक्या उलट दिशेला तो २१ डिसेंबरला मावळतो, त्यामुळं एकाच रेषेत दोन्ही सोहळे बसतात. पण प्रत्येक सोहळा वर्षातून एकदाच, कारण टोकाला झोपाळा एकदाच जातो. आणि तो रेंगाळतो म्हणून २१ तारीख ढगात गेली तरी मागचेपुढचे काही दिवस नुसत्या डोळ्यांना सूर्य त्याच जागी दिसतो. लंडनला भाचा-पुतण्या असेल आणि तिकीट आठवडाभर पुढंमागं झालं असेल तर फार हळहळू नका.

मेक्सिकोतल्या चिचेन इत्सा इथला पायऱ्यांचा पिरॅमिड मधल्या जागेचा, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरचा. चारही बाजूंना ९१-९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५. त्या दिवसांत दुपार कलल्यावर उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर उजेड-सावलीचे त्रिकोण पडतात आणि पायथ्याशी कोरलेल्या सापाच्या तोंडापर्यंत जणू अंग वळवळत आल्याचं दिसतं. हजारो लोक त्या एका दिवशी जमतात. वास्तविक सावलीचा हा साप मागचेपुढचे बरेच दिवस दिसतो, कारण त्रिकोण मोठे आहेत आणि थोड्या फरकानं त्यांचा आकार बिघडत नाही. आपल्या गाभाऱ्याएवढा नेम तिथं लागत नाही.

बेंगळुरूच्या गवी गंगाधरेश्वराच्या गुहेत संक्रांतीच्या संध्याकाळी नंदीच्या शिंगांमधून ऊन पिंडीवर येतं, ते पाहायला झुंबड उडते. झोपाळ्याच्या हिशेबानं दुसरा दिवस कुठं असेल? नोव्हेंबरच्या अखेरीस. आणि तसंच ऊन तेव्हाही येतं. फक्त त्या दिवशी सण नसतो, म्हणून गर्दी नसते.

न्यूयॉर्कचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं, कारण तिथं देव नाही, राजा नाही, मुहूर्त नाही. मॅनहॅटनमधले रस्ते १८११ च्या आराखड्यानुसार पट्ट्या मारल्यासारखे सरळ आखले, आणि बेटाच्या आकाराप्रमाणं ते खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंशांनी तिरपे आहेत. परिणामी मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या थोडं आधी सूर्य नेमका उंच इमारतींच्या फटीत, रस्त्याच्या टोकाला मावळतो. लोक गाड्यांच्या मधे उभे राहून फोटो काढतात. आराखडा करणाऱ्यांच्या मनात सूर्य नव्हताच. कुठल्याही सरळ रस्त्याला, बोळाला, माजघराच्या दारांच्या रेषेला पूर्व किंवा पश्चिमेचं टोक खुलं असेल तर असे दिवस मिळतात. तुमच्या घरात संध्याकाळचं ऊन एखाद्या दिवशी थेट देव्हाऱ्यापर्यंत गेलं तर भिंतीवर पेन्सिलीनं तारीख लिहा. २१ जून किंवा २१ डिसेंबर, जे जवळ असेल ते धरून पलीकडं तितकेच दिवस मोजा. त्या संध्याकाळी घरी थांबा.

खिद्रापुरात मात्र चंद्र

शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे. शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या दर्शनी स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही, गोल आकाश आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र त्या गोलाच्या बरोबर वर येतो आणि चांदणं खालच्या गोल शिळेवर उतरतं, म्हणून लोक कोल्हापूर, सांगली, बेळगावहून गाड्या करून जातात.

ही जुळणी का होते ते पाहिलं तर किरणोत्सवाशी तिचं नातं निघतं. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो. सूर्य जितका दक्षिणेकडं, पौर्णिमेचा चंद्र साधारण तितकाच उत्तरेकडं. नोव्हेंबरात सूर्य आकाशाच्या मध्यरेषेच्या, म्हणजे विषुववृत्ताच्या, साधारण १४ ते २२ अंश दक्षिणेला असतो. म्हणजे कार्तिकातला पूर्ण चंद्र तेवढाच उत्तरेला. आणि आपला जिल्हा? विषुववृत्ताच्या साडेसोळा-सतरा अंश उत्तरेला. त्यामुळं तो चंद्र मध्यरात्री जवळपास आपल्या डोक्यावरून जातो.

'जवळपास' हा शब्द मुद्दाम घातलाय. चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेला सुमारे पाच अंश तिरकी आहे आणि तो तिरकेपणा साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात फिरत राहतो. शिवाय त्रिपुरी पौर्णिमा कधी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, कधी अखेरीला. २०२३ मध्ये ती २६-२७ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला. त्यामुळं काही वर्षी चंद्र गोलाच्या अगदी मधोमध, काही वर्षी थोडा बाजूला. किरणोत्सव तारखेला बांधलेला, खिद्रापूरचा सोहळा तिथीला. दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यात, तासाभराच्या वाटेवर असावीत हे कोल्हापूरकरांचं नशीब.

दिवाळी मागे पळते, मग पुढे उडी मारते

लक्ष्मीपूजनाच्या तारखा ओळीनं पाहा. २०२३ ला १२ नोव्हेंबर. २०२४ ला १ नोव्हेंबर. २०२५ ला २१ ऑक्टोबर. दर वर्षी अकरा दिवस मागे. आता २०२६ चा अंदाज १० ऑक्टोबर असा बांधाल, तर तारीख निघते ८ नोव्हेंबर.

अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ चं. अकरा दिवसांची तूट दर वर्षी पडते, म्हणून सण अकरा दिवस आधी येतो. ही तूट अशीच वाढू दिली तर आषाढी वारी भर उन्हाळ्यात आणि दिवाळी पावसात येईल. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी पंचांग एक जादा महिना घालतं, तो अधिक मास. कुठला महिना जादा हे ठरवायचा नियमही साधा आहे. ज्या चांद्र महिन्यात सूर्य एका राशीतून दुसरीत जात नाही, म्हणजे एकही संक्रांत पडत नाही, तो अधिक. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. जावयाला अनारसे आणि वाण देण्याची धांदल म्हणजे खरं तर सूर्य आणि चंद्राच्या हिशेबातली वळती.

चिनी नववर्षही याच पद्धतीनं, जादा महिना घालून, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हिंडतं. तत्त्व तेच, पंचांग वेगळं.

जोतिबाची यात्रा आणि ईस्टर

ही जोडी ऐकून पुष्कळ जण हसतात, पण तारखा बोलतात. जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेची. डोंगर गुलालानं गुलाबी झालेला, सासनकाठ्या नाचताहेत, चांगभलं चाललंय. त्याच पौर्णिमेला हनुमान जयंती. २०२३ ला ती ६ एप्रिलला होती, ईस्टर ९ एप्रिलला. २०२५ ला १२ एप्रिल आणि ईस्टर २० एप्रिल. २०२६ ला २ एप्रिल आणि ईस्टर ५ एप्रिल. गुड फ्रायडेच्या सुट्टीला जोतिबाच्या घाटात गाड्यांची रांग लागते ती उगीच नाही.

कारण ईस्टरचा नियमही पौर्णिमेचाच आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची आणि तिच्या पुढचा रविवार. इसवी सन ३२५ मध्ये नायसिया इथल्या धर्मसभेत सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर पाळावा असं ठरलं, त्यातून पुढं हा हिशेब रुळला. येशूच्या शेवटच्या दिवसांची कथा ज्यूंच्या पासोव्हर सणाशी जोडलेली आहे आणि पासोव्हर वसंतातल्या पौर्णिमेचा, म्हणून चंद्र आला. रविवार हवा म्हणून आठवडा आला. २१ मार्च हवा म्हणून सूर्य आला. तिघांना सांभाळायचं म्हटल्यावर तारीख २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कुठंही जाते.

पण २०२४ ला ही जोडी फुटली. ईस्टर ३१ मार्चला, आपल्या रंगपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी, आणि चैत्र पौर्णिमा थेट २३ एप्रिलला. चर्चनं २१ मार्चनंतरची पहिली पौर्णिमा घेतली, ती होती होळीची. आपलं पंचांग मात्र २१ मार्च बघत नाही. त्याच्या लेखी चैत्र तो, ज्यात सूर्य मेष राशीत जातो, आणि ते होतं १३-१४ एप्रिलला. आदल्या वर्षी अधिक श्रावण घातला असल्यामुळं गुढीपाडवाच ९ एप्रिलला आला होता. त्यामुळं दोघांनी पौर्णिमा निवडली खरी, पण वेगवेगळी.

नाताळाचं काय, असं लगेच कुणीतरी विचारतं. तिथं चंद्राचा संबंध नाही, २५ डिसेंबर ही सूर्याच्या कॅलेंडरमधली ठरलेली तारीख आहे. बायबलमध्ये जन्माची तारीख दिलेली नाही. रशियात नाताळ ७ जानेवारीला असतो, कारण तिथलं चर्च अजून १५८२ च्या आधीचं कॅलेंडर धरून आहे आणि ते सध्या १३ दिवस मागे चालतं.

संक्रांत का सरकते?

संक्रांत तर सूर्याची. मग तीही कधी १४, कधी १५ का? एखाद्या दिवसाचं इकडंतिकडं होणं लीप वर्षामुळं. पण त्याखाली एक फार संथ सरक आहे. आपलं पंचांग सूर्य ताऱ्यांच्या कुठल्या राशीत आहे ते पाहतं, इंग्रजी कॅलेंडर ऋतू पाहतं. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळं या दोन हिशेबांत साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत संक्रांत दोन दिवस पुढं आली, हिशेब जुळतो. दिवस मोठा व्हायला लागतो तो मात्र २२ डिसेंबरपासूनच. तिळगूळ घेताना 'आजपासून उत्तरायण' म्हणणारे तीन आठवडे उशिरा असतात, पण म्हणून तिळगूळ नाकारायचं कारण नाही.

पंजे आणि गणपती

इस्लामी वर्ष शुद्ध चंद्राचं. बारा महिने, ३५४ दिवस, अधिक मास नाही. म्हणून रमजान दर वर्षी अकरा दिवस मागे जातो आणि जातच राहतो. सुमारे ३३ वर्षांत तो सगळ्या ऋतूंमधून फिरून पुन्हा जागेवर येतो. उन्हाळ्यातले कडक रोजे आणि थंडीतले छोटे दिवस, दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येतात. न्याय म्हणून पाहिलं तर ही पद्धत मला चोख वाटते.

कोल्हापुरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही, कारण इथं अनेक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात आणि गणपतीही, आणि मांडव घालणारी पोरं तीच असतात. २०१८, २०१९ आणि २०२० या तीन वर्षी दोन्ही एकत्र आले. कुरुंदवाडात तर मशिदीत गणपती बसवायची जुनी रीत आहे, तिथं एकाच छताखाली दोघं. त्यानंतर भाचा मला दर वर्षी विचारतो, "मामा, पंजे आणि गणपती परत एकत्र कधी बसणार?"

उत्तर आता आपण काढू शकतो. दोन्ही महिने अमावास्येनंतरच सुरू होतात. भाद्रपद आणि मोहरम एकाच अमावास्येपासून निघाले, की चंद्रदर्शनानं मोहरमचा पहिला दिवस गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी पडतो आणि दहावा दिवस, म्हणजे ताबूत, अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी. २०१८ च्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ होता, २०२० च्या गणपतीनंतर अधिक आश्विन. या दोन अधिक मासांच्या मधे दोन्ही पंचांगं दर वर्षी सारखीच अकरा दिवस मागे आली, म्हणून तीन वर्षं सोबत टिकली. अधिक आश्विनानं आपलं पंचांग महिनाभर पुढं ढकललं आणि २०२१ ला ताबूत २० ऑगस्टला, गणपती १० सप्टेंबरला, अशी ताटातूट झाली.

याआधीची अशी गाठ १९८५ च्या पुढंमागं पडली होती, म्हणजे २०१८ च्या ३३ वर्षं आधी. तालमीतल्या जुन्या मंडळींना ती आठवते. अधिक मास धरून तोच हिशेब पुढं मांडला तर पुढची तीन वर्षं निघतात २०५०, २०५१ आणि २०५२. भाच्याला सांगितलं तेव्हा त्यानं बोटांवर आपलं वय मोजलं आणि म्हणाला, "म्हणजे तवा मी अध्यक्ष असणार."